मुकुटाचं तिसरं टोक

ओनोरा लायडनच्या हाताची ख्याती सगळ्या क्लाड्यात, म्हणजे गॉलवेला लागून असलेल्या आमच्या कोळीवाड्यात, होती, आणि ती काही चांगल्या भाकरीबद्दल नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तिनं गॉलवेच्या मासळीबाजारात एका दलालाचं नाक फोडलं होतं, कारण त्यानं तिच्या पाटीतल्या हेरिंगला शिळी म्हटलं. पुढे एकदा नवऱ्याच्या कानाखाली काढलेला आवाज थेट धक्क्यावर ऐकू आला, असं शेजारणी सांगत. शेजारणींच्या सांगण्यातलं निम्मं वजा केलं तरी बरंच उरतं.

त्यात तिचे केस लाल. सकाळी लाल केसांची बाई आडवी गेली की आमचे कोळी गलबत परत फिरवतात. म्हणून ताफा सुटेपर्यंत ओनोराला उंबरठा ओलांडायची बंदी होती. खिडकीची फळी किलकिली करून ती ओरडायची, "गेलात का रे सगळे? की माझे केस आठवून अजून पाय लटपटतायत?" आणि बाहेरून कोणीतरी ओरडायचं, "तोंड आत घे गं बाई, मासा पळतोय!"

हा हात तिला आईनं दिला होता असं ती म्हणे. आईचं सांगणं एकच: हात उचलायचा तर पुरता उचल. त्याच आईनं लग्नाच्या दिवशी तिच्या उजव्या हाताच्या बोटात घराण्यातली अंगठी घातली. तशी अंगठी क्लाड्यातल्या बहुतेक घरांत एकेक असते. दोन हात, हातांनी धरलेलं काळीज, काळजावर मुकुट. हात मैत्रीचे, काळीज प्रेमाचं, मुकुट निष्ठेचा. कुणी सोनार म्हणे चाच्यांनी धरून परदेशात गुलाम म्हणून विकला, तिथे बसून त्यानं गावाकडच्या मुलीसाठी पहिली अंगठी घडवली, आणि कित्येक वर्षांनी सुटून आला तर ती मुलगी वाट पाहत होती. मुलगी अजून बिनलग्नाची होती, हे मला पटतं. तिला अंगठी पहिल्याच झटक्यात बसली, हे मात्र पटत नाही.

अंगठी आईकडून थोरल्या मुलीकडे जाते, तिच्या लग्नात. घालायची रीतही ठरलेली. लग्न झालेल्या बाईच्या बोटात काळजाचं टोक मनगटाकडे, म्हणजे काळीज आत, मालक ठरला. बिनलग्नाच्या मुलीला अंगठी सहसा मिळतच नाही. पण आईबाप गेलेल्या एखाद्या पोरक्या मुलीकडे ती आलीच, तर तिनं काळजाचं टोक नखाकडे ठेवायचं. आता आमच्या बाया बोलण्यापेक्षा मुठीनं जास्त बोलतात, त्यामुळे गालावरचा छाप वाचायला इथलं शेंबडं पोरही शिकतं. बिनलग्नाच्या मुलीनं ठोसा दिला तर छाप सरळ उमटतो, मुकुट वर आणि काळीज खाली. लग्नाच्या बाईनं दिला तर खाली डोकं वर पाय. एखादा कोळी सकाळी गाल लपवत निघाला की माणसं विचारत, "काय रे, सरळ की उलटा?" आणि उलटा असला तर बिचाऱ्याची जरा कीव करत.

ओनोराच्या अंगठीत एक खोट होती. पूर्वी या अंगठ्या माकुळाच्या हाडात साचा कोरून ओतत. तिच्या पणजीच्या अंगठीच्या वेळी सोनं साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं नाही, आणि मुकुटाच्या तीन टोकांपैकी एक बुटकं राहिलं. "आमची निष्ठा दोन टोकांची," ओनोराची आई हसून म्हणायची. ती हसली तेवढ्यापुरतं ठीक होतं.

ओनोराचं लग्न कोलमन लायडनशी झालं आणि दोनच वर्षांनी शेतातला बटाटा काळा पडला. त्या भुकेत तिचे आईबाप गेले आणि तिची दोन तान्ही पोरं गेली. उरला एक धाकटा भाऊ, सहा वर्षांचा, मॅकडारा. सगळे त्याला डारा म्हणत. ओनोरा आणि कोलमननं त्यालाच पोटचा मानून वाढवलं. कोलमननं त्याला वल्हं धरायला शिकवलं, गाठी शिकवल्या, तंबाखू खायलाही शिकवलं, आणि त्यावरून ओनोराचा मार दोघांनी मिळून खाल्ला.

डारा बावीस वर्षांचा झाला तेव्हा त्याचं डिलियाशी ठरलं. डिलिया क्युबर्ड, पोरकी, अठरा वर्षांची, बोलायला कमी आणि मासे साफ करायला अशी चपळ की सुरी दिसायची नाही. तिची आई भुकेच्या सालात जाताना अंगठी मागे ठेवून गेली होती. क्लाड्यात त्या वर्षी बिनलग्नाची असून बोटात अंगठी मिरवणारी ही एकच मुलगी. "लग्न झालं की फिरव," ओनोरा तिला म्हणायची, "आणि थोरली मुलगी झाली की तुझी तिला. दुसरी झाली तर माझी तिला. माझ्यामागे कोण आहे दुसरं?" हेरिंगचा मोसम संपला की लग्न करायचं ठरलं होतं.

आणि त्याच मोसमात कोलमन फुटला.

आमच्या खाडीत कधी जाळं टाकायचं हे क्लाड्याचा राजा ठरवतो. राजा म्हणजे अनवाणी चालणारा, स्वतःचे मासे स्वतः कापणारा म्हातारा. तेव्हा तो बार्टली होता. त्याच्या गलबतावर पांढरं शीड चढल्याशिवाय कोणी हलायचं नाही. अंड्यांवर आलेला मासा मारायचा नाही. हा कायदा कुठल्या कागदावर नाही, पण तो मोडणाऱ्याची जाळी कापली जातात आणि होडी जाळली जाते. त्या वर्षी बाहेरून एक मोठं जहाज आलं, समुद्राचा तळ खरवडून काढणारं ओढजाळं घेऊन. त्यांना खाडीतले खडक माहीत असलेला माणूस हवा होता. कोलमननं ते काम धरलं.

"कायद्यानं पोट भरत नाही," तो ओनोराला म्हणाला. "आपली पोरं गेली तेव्हा बार्टलीचा कायदा काय खात होता गं? सांग की!"

ओनोरानं भांडं फेकून मारलं. तो वाकला, भांडं भिंतीवर फुटलं, आणि तो बोचकं उचलून गेला.

चार दिवसांनी जहाज अंड्यांच्या जागेवर ओढजाळं फिरवू लागलं. क्लाड्याची चाळीस गलबतं त्याच्याभोवती गोळा झाली. दगड, आकड्या, कोयते, उकळतं डांबर, ज्याच्या हाती जे लागलं ते. जहाजावरून शिसाच्या गोळ्या बांधलेले दोर फिरत होते, एका म्हाताऱ्याचा जबडा त्यात जागीच मोडला. डारा आणि त्याचा सोबती एका छोट्या होडीतून जाळ्याचा दोर कापायला थेट जहाजाच्या नाकाखाली घुसले. तेवढ्यात जहाज वळलं. सुकाणू कोलमनच्या हातात होतं. होडीचे दोन तुकडे झाले. सोबत्याला गलबतवाल्यांनी ओढून काढलं. डारा वर आलाच नाही.

तो आला जहाजाच्याच जाळ्यात. जाळं वर ओढलं तेव्हा माशांच्या ढिगात तो होता.

पहिलं गलबत परत आलं आणि धक्क्यावर बातमी आली तेव्हा ओनोरा पाटी घेऊन उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली. मग बोटावर थुंकी लावली, अंगठी ओढून काढली आणि फिरवून पुन्हा घातली, काळीज बाहेर. आमच्याकडे नवरा मारो, पिवो, वर्षभर तोंड न दाखवो, बाई अंगठी फिरवत नाही. विधवाही फिरवत नाही. अशी गोष्ट कुणी ऐकलेलीसुद्धा नव्हती. तिच्याकडे त्या क्षणी कुणाचं लक्ष नव्हतं.

दुपारी जहाज धक्क्याला लागलं, वीस शिपायांच्या पहाऱ्यात. समोर दोनशे बाया. मोज्यांत दगड भरलेले, हातांत वल्ह्याचे तुकडे, पाट्यांत माशांची आतडी. पहिला दगड कुणी मारला ते कधीच कळलं नाही. दुसरा ओनोरानं मारला आणि एका शिपायाची टोपी त्याच्या डोक्यासकट मागे गेली. शिपायांनी दंडुके चालवले. एका बाईचा दात तिच्याच शालीत सापडला. आतड्यांवरून पाय घसरून माणसं पडत होती, पडलेल्यांवर पडत होती.

त्या गोंधळात फळीवरून कोलमन उतरला. त्यानं डाराला खांद्यावर घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नव्हता. तो सरळ ओनोराकडे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला तो दिसलाच नाही गं," तो म्हणाला. "ओनोरा, आईशप्पथ, मला दिसलाच नाही."

तिनं हात उचलला तो पुरता उचलला.

कोलमन डारासकट मागे पडला आणि त्याचं डोकं दोर बांधायच्या दगडी खुंटावर आपटलं. त्याच क्षणी शिपायांची रांग अंगावर आली, बायांचा लोंढा मागे फिरला आणि ओनोरा त्यात ओढली गेली. गर्दी पांगली तेव्हा खुंटापाशी तिघंच होती: मेलेला डारा, बेशुद्ध कोलमन, आणि डाराला मिठी मारून बसलेली डिलिया. तिच्या हातांना रक्त होतं. सगळ्यांनी तेवढंच पाहिलं.

कोलमनला घरी आणलं. आत शिरण्याआधी ओनोरानं शालीखाली अंगठी पुन्हा फिरवली, काळीज आत. बोट सुजायला लागलं होतं, अंगठी जेमतेम फिरली. रात्रभर ती त्याच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवत बसली. तिला त्याचा राग होता आणि तो जगावा असंही वाटत होतं. डोळ्याखालच्या हाडावर छाप हळूहळू निळा होत गेला: दोन हात, काळीज, वर मुकुट. सरळ. मुकुटाची दोन टोकं लांब आणि एक बुटकं. तिनं फडक्यानं तो घासून पाहिला. तो आणखी ठळक झाला.

उजाडता उजाडता कोलमन गेला.

आता क्लाड्याच्या कायद्यात एक गोष्ट जाळ्या-होड्यांपेक्षा मोठी. क्लाड्याच्या हातानं क्लाड्याचं रक्त सांडायचं नाही. बार्टलीनं कोलमनला शिक्षाही ठरवली होती, होडी जाळायची आणि हद्दपारी. त्याला मारायचं कुणी सांगितलं नव्हतं. शिपायांना गावानं सांगितलं की तो पाय घसरून पडला, आणि शिपायांनी ते आनंदानं लिहून घेतलं. पण गावाला उत्तर हवं होतं, आणि सगळ्यांत जास्त हवं होतं ते फेस्टीला.

फेस्टी हा कोलमनचा थोरला भाऊ. बैलासारखी मान आणि बैलाएवढाच विचार. प्रेत रात्रीच्या जागरासाठी मेजावर ठेवलं होतं, रीतीप्रमाणे छातीवर मीठ, जागणाऱ्यांसाठी थाळीत चिलमी, कोपऱ्यात रडणाऱ्या बायांचे सूर. फेस्टी आत आला, भावाच्या तोंडावर वाकला आणि बोटानं गालावरचा छाप चाचपला.

"सरळ आहे," तो म्हणाला.

रडणाऱ्या बाया थांबल्या. एकेक करून सगळ्यांनी वाकून पाहिलं. सरळ. म्हणजे बिनलग्नाची. बिनलग्नाची आणि बोटात अंगठी, म्हणजे नाव घ्यायची गरजच नव्हती.

ओनोरा भिंतीला टेकून बसली होती. विधवेची जागा. तिचा उजवा हात शालीत होता. कुणीतरी टोकं मोजेल, तिला वाटत होतं. आत्ता कुणीतरी म्हणेल, अरे, हे एक टोक बुटकं कसं? डिलियाच्या अंगठीची तर तिन्ही टोकं सुईसारखी. पण सरळ म्हटल्यावर पुढे पाहायचं कारण कुणाला उरलं नव्हतं. लग्नाची बाई अंगठी फिरवेल हे त्यांच्या डोक्यात येणं म्हणजे भरती उलटी येण्यासारखं होतं. आणि ओनोराचं तोंड उघडलं नाही. नवऱ्याला मारणाऱ्या बाईला इंग्रजांचं कोर्ट फासावर देतं, हे तिला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर फासापेक्षा ती त्या बायांच्या नजरांना भ्यायली. अंगठी फिरवली म्हणजे काय, हे तिला त्यांच्यासमोर सांगायचं नव्हतं.

बार्टलीनं डिलियाला बोलावून विचारलं, "पोरी, तू मारलंस?"

डिलिया काहीच बोलली नाही.

"नाही म्हण की! नाही तरी म्हण!" म्हातारा कळवळून म्हणाला.

ती जमिनीकडे बघत राहिली. मग बार्टलीनं निकाल दिला: मंगळवारच्या जहाजानं तिनं अमेरिकेला जायचं, परत यायचं नाही. पोरक्या मुलीला ही शिक्षा म्हणजे बुडवण्याहून फार कमी नव्हे. ओनोरानं मनाशी धरलं, मंगळवारपर्यंत वेळ आहे. मंगळवारपर्यंत मी काहीतरी करीन. माणूस स्वतःला किती दिवसांची उधारी देतो याला सुमार नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही शवपेट्या एकदम निघायच्या होत्या. सगळं गाव ओनोराच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत जमलं होतं. तिथेच मासे कापायचा सामाईक ठोकळा, ओकच्या बुंध्याचा. फेस्टी सकाळपासून पीत होता. डिलिया डाराच्या पेटीमागे उभी राहायला आली, तेव्हा त्यानं तिच्या केसांना धरून तिला ओढलं. एक म्हातारी मध्ये आली, तिला त्यानं कोपरानं बाजूला फेकलं. डिलियाचा हात त्यानं ठोकळ्यावर दाबला, आणि दुसऱ्या हातानं तिथेच रुतवून ठेवलेला कोयता उपसला.

"अमेरिकेत जाऊन मिरवशील का ही अंगठी?" तो ओरडला. "माझ्या भावाच्या तोंडावर मारलेली? बोट इथे ठेवून जा!"

"फेस्टी! कोयता टाक!" बार्टली काठी टेकत धावला, पण त्याचं वय ऐंशी.

डिलियानं मान वळवली. तिनं फेस्टीकडे पाहिलं नाही, बार्टलीकडेही नाही. ओनोराच्या शालीत लपवलेल्या उजव्या हाताकडे तिनं एकदा पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

तेव्हा ओनोराला कळलं. पोरीनं पाहिलं होतं. खुंटापाशी तीच सगळ्यांत जवळ होती, आणि दोन दिवस ती तोंड मिटून बसली होती. ओनोराचं तोंड उघडलं. आवाज यायला एक श्वास उशीर झाला. त्या एका श्वासात कोयता खाली आला.

डिलिया किंचाळली नाही. तिनं नुसता हात पोटाशी धरला. अंगठी ठोकळ्यावरून घरंगळत मातीत पडली.

"मी मारलं!" ओनोराचा आवाज आता आला, असा की धक्क्यावरचे पक्षी उडाले. "मेल्या, मी मारलं त्याला! मी! तिनं नाही!"

मग एक शेजारीण पुढे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली, "नवरा गेला, भाऊ गेला. डोकं ठिकाणावर नाही गं तिचं. चल बाई, आत चल."

"सरळ छाप आहे, वहिनी," फेस्टी धापा टाकत म्हणाला. "तू लग्नाची बाई. तुझा छाप उलटा यायला हवा. उगाच पोरीला वाचवू नकोस."

"मी अंगठी फिरवली होती."

हे मात्र कुणाला ऐकवेना. बायांमधून "शी!" असा आवाज आला. "काहीतरीच काय बोलतेस!" कुणीतरी म्हणालं. लाल केसांचीच ती, असं आणखी कुणीतरी पुटपुटलं.

ओनोरानं शाल फेकली. बोट सुजून दुप्पट झालं होतं. तिनं अंगठी दातांत धरली आणि ओढली. सांध्यावरची कातडी सोलून निघाली, रक्त मनगटापर्यंत आलं, अंगठी सुटली. तिनं ती सगळ्यांसमोर धरली, फिरवली आणि त्याच सोललेल्या बोटात पुन्हा दाबून बसवली, काळीज बाहेर. मग ती फेस्टीसमोर गेली. त्याच्या हातात अजून कोयता होता. कोयत्याकडे न बघता तिनं त्याला डोळ्याखाली ठोसा दिला, पुरता.

बैल गुडघ्यावर आला. बार्टलीनं त्याचे केस धरून तोंड वर केलं आणि गालावरचं रक्त बाहीनं पुसलं. छाप उमटला होता, सरळ.

"आता मोजा," ओनोरा म्हणाली. "टोकं मोजा. दोन दिवस झाले, एकानं तरी मोजली का?"

बार्टली आत गेला. कोलमनची पेटी अजून उघडी होती. म्हातारा भिंतीला धरून बाहेर आला, ठोकळ्यापाशी वाकला आणि मातीतली डिलियाची अंगठी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"हिची तीन आहेत," तो म्हणाला. "त्या दोघांच्या तोंडावर अडीच."

डिलियाच्या हाताला कुणीतरी फडकं गुंडाळत होतं, आणि ते पुन्हा पुन्हा लाल होत होतं.

फेस्टीला त्याच मंगळवारच्या जहाजानं अमेरिकेला पाठवलं. गालावर छाप घेऊन तो बॉस्टनला उतरला, आणि तिथल्या आपल्या लोकांनी म्हणे पहिलाच प्रश्न विचारला, "काय रे, सरळ की उलटा?" ओनोराला काय शिक्षा द्यावी हे बार्टलीला सुचेना. तिनं रक्त सांडलं होतं, पण ते डाराच्या रक्तावर सांडलं होतं. शेवटी त्यानं ठरवलं, वर्षभर तिच्याशी कुणी बोलायचं नाही. क्लाड्यानं ते काटेकोर पाळलं. मला वाटतं, पुष्कळ बायांच्या मनात त्याचं कारण खून नव्हताच. कारण ती फिरवलेली अंगठी होती.

डिलियानं मात्र पाळलं नाही. जखम भरल्यावर पहिल्याच दिवशी ती बाजारात ओनोराशेजारी पाटी घेऊन बसली.

"माझ्याशी बोलायची बंदी आहे," ओनोरा म्हणाली.

"मग तू बोलू नकोस. मी बोलते," डिलिया म्हणाली. क्लाड्यानं तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं लांब वाक्य.

"तू का गप्प बसलीस गं?"

"तुला वेळ देत होते."

यावर ओनोरानं डिलियाच्या पाटीची गाठ बांधून दिली, कारण चार बोटांनी ती गाठ बसत नसे. तीस वर्षं ती गाठ तिनंच बांधली.

डिलियाचं पुढे लग्न झालं, एका साध्या, शिडं शिवणाऱ्या माणसाशी. तिची अंगठी ती गळ्यात दोऱ्यात घालायची. थोरल्या मुलीच्या लग्नात ती थोरलीला गेली. धाकटीचं नाव ओनोरा ठेवलं होतं. तिच्या लग्नाच्या सकाळी म्हातारी ओनोरा काठी टेकत आली. लाल केस आता राखेच्या रंगाचे झाले होते, तिला सकाळी बाहेर पडायची मुभा मिळाली होती. तिनं अंगठी काढून मुलीच्या तळहातावर ठेवली. धाकटीनं ती उलटसुलट करून पाहिली.

"आजी, हिच्या मुकुटाचं एक टोक मोडलंय."

"मोडलं नाही. पहिल्यापासून तसंच आहे."

"आणि घालायची कशी? काळीज आत ना?"

"आत." म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला. "आणि कधी बाहेर फिरवायची वेळ आलीच, तर फिरव. कुणाच्या बापाला भिऊ नकोस. पण फिरवलीस की तशीच दारात जा आणि सगळ्यांना हात दाखव. त्याच घडीला. मी दोन दिवस शालीत लपवला होता."

धाकटीला यातलं काही कळलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. डिलिया पलीकडे वऱ्हाडासाठी पाव कापत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"पुरे झालं आता," ती म्हणाली, "पोरीला चर्चला उशीर होतोय." आणि ओनोराला उठवायला तिनं हात पुढे केला, चार बोटांचा.